वाटी पुढच्या बाजूला

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवऱ्याला महिनाभर तीन गोष्टींची मनाई केली. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि बारीक अक्षर वाचायचं नाही. जुन्या गाडीच्या मालकाला एवढं बंद केलं की त्याच्याकडे करायला उरतं ते फक्त बोलणं, आणि ऐकायला घरात एकच माणूस होतं, त्याची बायको.

ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली. तो पुलांचे आणि इमारतींचे नकाशे काढायचा, तोही आता घरीच. गाडी त्याची होती. लेक झाली त्या वर्षी घेतलेली, घेतली तेव्हाच जुनी, फिकट हिरवी, चार दारांची. आता ती इतकी जुनी झाली होती की लोक रस्त्यात थांबून तिचे फोटो काढत. पण गेले अकरा महिने फोटो काढायला ती रस्त्यावर आलीच नव्हती. तिच्या कार्बुरेटरला तडा गेला होता.

कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा प्रमाणात मिसळून इंजिनाला पुरवणारा, दोन मुठींएवढा धातूचा भाग. नव्या गाड्यांमध्ये तो नसतोच, त्यामुळे बनवणारेही राहिले नाहीत. मिळाला तर कुणाच्या माळ्यावर, नाहीतर भंगारात. नवऱ्याने आधी तो दोनदा चिकटवून पाहिला, मग तशाच दुसऱ्याच्या मागे लागला. तडा गेलेल्यावर एक क्रमांक कोरलेला होता. तो वहीत उतरवून त्याने दिसेल त्याला फोन केले. आजवर तीन पार्सलं आली होती. एकात जनरेटरचा निघाला. दुसऱ्यात खोक्यावरचा क्रमांक बरोबर होता आणि आत स्कूटरचा. तिसऱ्यात खरोखर हवा तोच होता, फक्त त्याचे दोन तुकडे होते.

त्यात हे डोळ्याच्या ऑपरेशनचं निघालं. काळा चष्मा लावून तो खुर्चीत बसायचा आणि अमक्याला फोन लाव, तमक्याला क्रमांक वाचून दाखव, असं दिवसभर चालायचं. तिने वाचून दाखवला तर शेवटचा आकडा तीन आहे की आठ, यावर वाद. आठवडाभरात तिच्या नाकी नऊ आले. शेवटी ती म्हणाली, "आणा ती वही इकडे. शोधणं हा माझा धंदा होता, तुमचा नाही."

हे तिच्या तोंडून निघालं याचं दोघांनाही जरा नवल वाटलं, कारण गाडीशी तिचा एकोणीस वर्षं काही संबंध नव्हता.

त्याआधी ती गाडी चालवत असे, आणि चांगली चालवत असे. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी ती लेकीला शाळेत सोडायला निघाली होती. लेक बारा वर्षांची. गावाबाहेरच्या टेकडीवरून रस्ता खाली रेल्वेच्या फाटकाकडे उतरायचा. फाटक पडायला लागलं म्हणून तिने ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. पेट्रोलचा उग्र वास आला. तिने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, इंजिन नुसतं घरघरत राहिलं. मागून विटांचा ट्रक येत होता. उतारावर त्याला गाडी वेळेत थांबवता आली नाही. धडक फार मोठी नव्हती, पण लेक पुढे आपटली आणि तिचं गळ्याखालचं हाड मोडलं. दीड महिना तिचा हात झोळीत होता.

गाडी उचलून नेणाऱ्या माणसाने इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढून पाहिले, ते पेट्रोलने ओले चिंब होते. तो म्हणाला, बाई घाबरल्या आणि ऍक्सिलरेटर दाबत राहिल्या, इंजिनात पेट्रोल जास्त झालं. एवढंच. नवरा कधी रागावला नाही. "असू दे, होतं असं," एवढंच म्हणाला, आणि काही दिवसांनी, "आता तू नको चालवूस."

तिला आठवत होतं त्याप्रमाणे तिचा पाय ब्रेकवरच होता. पण सगळे इतक्या मायेने समजूत घालत होते की हळूहळू तिला ऍक्सिलरेटर दाबणारा आपला पायही आठवायला लागला. दोन-तीन वर्षांत तर ती स्वतःच तो किस्सा सांगायची. नणंदेकडे सगळे जमले आणि कुणी गाडीचा विषय काढला की म्हणायची, "मी आणि गाडी? नको रे बाबा, मी नेमकी फाटकापाशी बंद पाडते." सगळे हसायचे. ती पण हसायची. लेकीच्या गळ्याखाली हाड जुळलेल्या जागी एक उंचवटा राहिला होता, मोठ्या गळ्याचा ड्रेस घातला की दिसायचा. तिकडे बघायचं तिने तेव्हापासून टाळलं होतं.

आता वही हातात आल्यावर तिने ग्रंथालयात करायची तेच केलं. जाड कागदाची कार्डं कापली, प्रत्येक दुकानदाराचं एक कार्ड. कधी फोन केला, काय म्हणाला, पुन्हा कधी करायचा. मग कपाटातून गाडीचं मूळ पुस्तक काढलं, ज्यात प्रत्येक सुट्या भागाचं चित्र आणि क्रमांक असतो. नवऱ्याने ते कधीच उघडलं नव्हतं, कारण त्याला सगळं पाठ होतं. कार्बुरेटरच्या पानावर तिने बोट ठेवलं. तिथे भलताच क्रमांक होता. तीन आणि आठचा प्रश्नच नव्हता, सुरुवातच वेगळी होती.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, छापताना चुकलं असेल. तीस वर्षं पुस्तकं हाताळलेल्या माणसाला हे पटण्यासारखं नव्हतं. तिने विचारलं की गाडीवर होता तो मूळचाच ना. तो म्हणाला, मूळचा नव्हे, मधे एकदा बदलला होता, ओळखीच्या एकाच्या मोडीत निघालेल्या गाडीचा घेतला होता. पण चांगला होता, मूळच्यापेक्षा जास्त ताकदीचा. कधी बदलला, हे तिने तेव्हा विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही.

शहराच्या जुन्या भागात, वखारींच्या मागच्या गल्लीत, बोल्टमामांचं दुकान होतं. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी गंजली होती. ऐंशीच्या घरातले, एका कानाने कमी ऐकणारे, बोटं वंगणाने कायमची काळी. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना छतापर्यंत डबे, आणि डब्यांवर नावं नाहीत, कारण कशात काय आहे ते मामांना माहीत होतं. ग्रंथपालाच्या जिवाला हे बघवत नव्हतं. तरी ती स्टुलावर बसली आणि पिशवीतून तडा गेलेला कार्बुरेटर आणि गाडीचं पुस्तक असं दोन्ही काढून टेबलावर ठेवलं.

मामांनी कार्बुरेटर उचलला, उलटा केला, सुलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. पुस्तकातलं चित्र पाहिलं. गाडी कुठली ते विचारलं. मग कार्बुरेटर हातात तसाच ठेवून, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "उतारावर जोरात ब्रेक मारला की बंद पडते का हो गाडी?"

ती त्यांच्या हातातल्या कार्बुरेटरकडे बघत राहिली. मामांना वाटलं ऐकू गेलं नसेल, कारण त्यांना स्वतःलाच कमी ऐकू यायचं. त्यांनी पुन्हा, मोठ्याने विचारलं.

"का विचारता?" ती म्हणाली.

मामांनी टेबलावर जागा केली आणि समजावून सांगितलं. कार्बुरेटरला एका अंगाला पेट्रोलची वाटी असते. तिच्यात थोडं पेट्रोल साठतं आणि तिथून इंजिनाला हवं तेवढं ओढलं जातं. या गाडीत ती वाटी पुढच्या बाजूला, म्हणजे दिव्यांच्या बाजूला असायला हवी. पण हा कार्बुरेटर इंजिन मागे असणाऱ्या गाडीचा होता. त्या गाडीत सगळंच उलटं, म्हणून वाटीही उलट बाजूला. भोकं जुळतात, बोल्ट बसतात, गाडी चालते, जोरातही चालते. फिरवून बसवावा तर ऍक्सिलरेटरचा दांडा पोचत नाही, म्हणून लोक तसाच बसवतात. मग वाटी येते मागे. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. उतारावर ब्रेक दाबला की वाटीतलं सगळं पेट्रोल पुढे धावतं आणि थेट इंजिनात सांडतं. त्यांनी पाण्याचा पेला घेतला, टेबलावरून पुढे सरकवला आणि एकदम थांबवला. पाणी पुढच्या काठावरून पुस्तकाजवळ सांडलं. ते त्यांनी बाहीने पुसलं.

"मग कितीही किल्ली फिरवा," मामा म्हणाले, "प्लग ओले झालेले असतात. चालवणारा बिचारा काय करणार?"

तिने त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग विचारलं की ऍक्सिलरेटर दाबलाच नसेल तरीही असं होईल का. मामा म्हणाले, त्याचा काही संबंधच नाही, पाय खाली ठेवून बसलात तरी होईल. मग तिने त्यांना ते कागदावर लिहून द्यायला सांगितलं. मामांना हे विचित्र वाटलं. उधारीवाल्यांखेरीज कुणी त्यांच्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं. पण त्यांनी एका खोक्याचं झाकण फाडलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. वाटी मागे असल्यामुळे उतारावर ब्रेक मारल्यास इंजिन बंद पडते. चालवणाऱ्याची चूक नाही. खाली सही केली, तारीखही घातली.

पुस्तकातल्या क्रमांकाचा कार्बुरेटर मामांकडे नव्हता. पण तो साधा आहे, त्या काळी चार-पाच प्रकारच्या गाड्यांना तोच असायचा, तुम्ही चुकीचं दार ठोठावत होतात, असं ते म्हणाले. तिने आभार मानले, सामान पिशवीत भरलं आणि बसथांब्यावर येऊन बाकावर बसली.

दोन बस आल्या आणि गेल्या. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसते खांदे सैल पडले. इतकी वर्षं आपण ते वर उचलून धरले होते हे तिला तेव्हा कळलं. पाय ब्रेकवरच होता. पहिल्यापासून ब्रेकवरच होता. तिने झाकणाचा तुकडा पुन्हा काढून वाचला. शेजारी बसलेल्या बाईने वेळ विचारली तर हिने तिला इतकं हसून उत्तर दिलं की ती बाई जरा सरकून बसली.

घरी नवरा काळ्या चष्म्यात वाट बघत होता. तिने कार्बुरेटर त्याच्या मांडीवर ठेवला, वाटी कुठे ते बोटांनी चाचपायला लावलं आणि मामांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मग विचारलं, कार्बुरेटर बदलला तो कधी. त्याने वर्ष सांगितलं. अपघाताच्या आधीचं वर्ष.

पुढचं त्यानेच बोलायला हवं होतं आणि तो बोलला. अपघातानंतर सहा-सात महिन्यांनी त्याच उतारावर त्याच्याही हातात गाडी बंद पडली होती. मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. कार्बुरेटरमध्ये कचरा असेल असं समजून त्याने तो साफ केला. पुन्हा तसंच झालं. मग त्याने स्वतःला एक सवय लावून घेतली. उतारावर ब्रेक दाबताना टाचेने थोडा ऍक्सिलरेटरही द्यायचा, म्हणजे इंजिन गुदमरत नाही. पुढे ती सवय इतकी अंगवळणी पडली की कारण त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"वाटीचं माहीत नव्हतं. गाडीत काहीतरी आहे, हे माहीत होतं." त्याने चष्मा काढला, मग डॉक्टरांची आठवण होऊन पुन्हा लावला. "तेव्हाच सांगायला हवं होतं गं तुला. कार्बुरेटर मी बसवला होता. लेकीचं हाड... माझी हिंमत झाली नाही."

ती उठून आतल्या खोलीत गेली. राग आला होता, चांगलाच आला होता, आणि तो पुढचे काही दिवस अधूनमधून येत राहिला. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. एकदा तर तिने त्याला डोळ्यांचे थेंब घालताना विचारलं, एकोणीस वर्षं तुम्ही मला तो किस्सा सांगताना ऐकत होतात आणि हसत होतात, ना? तो हो म्हणाला. पण रागाचं असं झालं की त्याला मनात बसायला पुरेशी जागाच मिळेना. सुटल्याचा आनंदच इतका मोठा होता. हे बोलणं झालं त्याच दुपारी ती जेवून आडवी झाली आणि थेट दिवे लागायच्या वेळेला उठली.

तिसऱ्या दिवशी ती अंघोळ करून बाहेर आली तर तो फोनवर होता. आधी लेकीशी बोलला. मग नणंदेला फोन लावला, मग धाकट्या दिराला. अंकांची बटणं चाचपडत, दोनदा चुकीचा नंबर लावून, प्रत्येकाला तेच सांगत होता. तिची चूक नव्हती, कार्बुरेटर मीच चुकीचा बसवला होता, आणि मला नंतर कळलं होतं तरी मी गप्प बसलो. नणंद काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण तो बराच वेळ नुसता "हो, ताई" म्हणत होता. बायकोने त्याला थांबवलं नाही. दाराआड उभी राहून सगळे फोन ऐकले.

लेकीचा फोन तिला वेगळा आला. "आई, मी कधी तुला काही बोलले का?" लेक म्हणाली.

"नाही बोललीस. कुणीच नाही बोललं. बोलला असतात तर मी भांडले तरी असते."

लेक हसली, मग म्हणाली की तिला त्या सकाळचं एकच आठवतं. धडक बसायच्या आधी आईने डावा हात आडवा घालून तिला मागे दाबून धरलं होतं. आईला हे मुळीच आठवत नव्हतं. तिने फोन ठेवला आणि आपला डावा हात जरा वेळ बघत बसली.

बरोबर क्रमांक हातात आल्यावर शोध चार दिवसांत संपला. सातव्या कार्डावरच्या दुकानाची मालकीण म्हणाली की वडिलांच्या वेळचा माल वरच्या फळीवर आहे, बघते. ती शिडीवर चढल्याचं, खोकी सरकवल्याचं, शिंकल्याचं सगळं फोनवर ऐकू आलं. मग क्रमांक वाचला. तिने तो दोनदा वाचायला लावला. एवढ्यावर तिचं समाधान होईना. तिने विचारलं, ऍक्सिलरेटरचा दांडा उजवीकडे धरला तर वाटी कुठे येते. दुकानदारीण म्हणाली, पुढे. तुमचं तोंड कुठे आहे, असं हिने विचारलं. शेवटी दुकानदारीणच म्हणाली की तुम्हीच या आणि बघा. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोन तास प्रवास करून गेली. खोकं अजून उघडलेलं नव्हतं, आत कार्बुरेटर तेलकट कागदात गुंडाळलेला, एकही ओरखडा नाही. वाटी पुढे होती.

बसवायला नेहमीचा मेकॅनिक आला, कानावर पेन्सिल खोचलेला, कमी बोलणारा. नवऱ्याला वाकायची मनाई अजून होती, म्हणून तो शेजारी खुर्ची टाकून सूचना देत होता आणि मेकॅनिक त्या ऐकत नव्हता. बॅटरी नवी घातली. पहिल्यांदा इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मेकॅनिकने एक स्क्रू पाव फेरा फिरवला, मग आणखी थोडा. इंजिनाने सूर पकडला आणि अकरा महिन्यांची धूळ बॉनेटवर थरथरायला लागली. तिचा जीव भांड्यात पडला.

मेकॅनिक गाडी टेकडीवर घेऊन गेला, ती शेजारी बसली. उतारावर त्याने तिच्या सांगण्यावरून सहा वेळा करकचून ब्रेक दाबला. सहाही वेळा इंजिन चालूच राहिलं. सातव्यांदा दाबायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, आता टायर झिजतील," आणि गाडी परत फिरवली.

तिचा परवाना केव्हाच संपलेला होता. तिने नव्याने शिकवणी लावली, दोन महिने चौकांमधून आणि गल्ल्यांतून घाम गाळला. परीक्षा घेणारी मुलगी तिच्या लेकीपेक्षाही लहान होती. गाडी मागे घेताना तिने एकदा कुंपणाला जवळजवळ टेकवली, तरी पास झाली. नवरा त्या दिवशी परवाना कार्यालयाबाहेर गाडी घेऊन उभा होता. त्याचा काळा चष्मा आता गेला होता. तिने कागद दाखवला. त्याने तो चष्म्याशिवाय वाचला, घडी घालून परत दिला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. वाटेत त्याने एकही सूचना केली नाही, हे त्याला फार जड गेलं असणार, कारण उतरला तेव्हा त्याच्या तळहातावर दाराच्या मुठीचा वळ उमटला होता.

पुढच्या रविवारी ती एकटीच लेकीकडे निघाली. नवरा म्हणाला की तो घरी थांबतो, तुम्ही दोघी बोला. चौकापलीकडे तिने पेट्रोल पंपावर गाडी वळवली. पंपावरच्या माणसाने नळी उचलली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. मग खिडकीशी येऊन टाकीचं झाकण कुठे आहे म्हणून विचारलं. तिला ते माहीत नव्हतं. पेट्रोल नेहमी नवराच भरायचा. ती खाली उतरली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या, त्यातल्या एकाने हॉर्न दिला. तिने त्याला हात करून थांब म्हटलं, अगदी निवांत, आणि मागच्या नंबरप्लेटची कड ओढून पाहिली. प्लेट बिजागरीवर खाली झाली आणि आत झाकण दिसलं.

"टाकी फुल्ल करा," ती म्हणाली.